मदत हवी आहे : दारूच्या तपासणीला नकार, आणि केस दुसऱ्यांदा

नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या नाकाबंदीत माझ्या मामेभावाची मोटरसायकल अडवली. मशीनची नळी तोंडापुढे धरली तर पठ्ठ्याने ओठ घट्ट मिटले, ते शेवटपर्यंत. सीपीआर हॉस्पिटलला नेलं, तिथे रक्तही काढू दिलं नाही. कागदावर फक्त ‘नकार दिला’ अशी नोंद आहे, आकडा कुठेच नाही.

२०२२ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) खालीच गुन्हा कबूल करून त्याने १० हजार दंड भरलाय. दुसऱ्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही, हे माहीत आहे. सबळ कारण नसताना दिलेला नकार त्याच कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे आरोपीच्या विरोधात धरता येतो, हेही वाचलं.

अपघात नाही, कुणाला इजा नाही. लायसन्स जप्त आहे आणि त्याचं पोट टेम्पोवर. वकील म्हणतात, तारखेला बघू. पळवाट नकोय, प्यायलो होतो हे तो मान्य करतो, आणि ते चूकच आहे.

१०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल होतं हे दाखवणारा रिपोर्टच नसताना नुसत्या नकारावर कलम १८५ सिद्ध होतं का? आणि कबुली दिली तर आपल्याकडे कोर्टात दुसऱ्या वेळी दंडावर भागतं, की कैद होतेच?