उघड्यावरच्या संगीत महोत्सवाला पायात काय घालावे? आपले अनुभव लिहा

पाऊस ओसरला की मुंबईत उघड्यावरच्या संगीताचे दिवस सुरू होतात आणि ऊन अंगावर येईपर्यंत, म्हणजे साधारण मार्चपर्यंत, ते चालू राहतात. जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापलूझा हा महोत्सव भारतात पहिल्यांदा झाला, जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, आणि काळा घोडा कला महोत्सवाची परंपरा तर १९९९ पासूनची आहे. अशा ठिकाणी कपडे कोणते घालावेत यावर भरपूर लिहिले जाते. पायांची मात्र ‘आरामदायक बूट घाला’ एवढ्यावर बोळवण होते. माझ्या मते कोणता बूट आरामदायक ठरेल, हे पायाखालची जमीन कशी आहे, उभे किती तास राहायचे आहे आणि परतीची गर्दी कशी आहे, या तीन गोष्टींवर अवलंबून असते. आपण कुठे गेला होतात, पायात काय होते आणि घरी पोहोचेपर्यंत पायांची अवस्था कशी होती, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. कंपनीच्या नावापेक्षा बुटाची घडण सांगितलीत तर वाचणाऱ्याला अधिक उपयोग होईल.

सुरुवात मीच करते. रेसकोर्सचे मैदान दुरून हिरवेगार आणि सपाट दिसते. प्रत्यक्षात गवताखालची जमीन पावसाळ्यानंतर कडक झालेली असते, मध्येच उंचसखल असते, आणि दुपारनंतर गर्दीने गवत तुडवले की धूळ उडू लागते. घोड्यांची धावपट्टीच सुमारे २,४०० मीटरची आहे, त्यावरून आतल्या मैदानाचा विस्तार लक्षात यावा. एका मंचाकडून दुसऱ्याकडे जाता-येताच बरीच चाल होते. तिथे मी चालण्याचे, रुंद तळाचे, नाड्यांचे जुने बूट घालते. अलीकडे मिळणारे जाड, मऊ गादीचे धावण्याचे बूट मी मुद्दाम टाळते, कारण त्यांची घडण पुढे झेपावणाऱ्या पायासाठी असते. त्यात तासन्‌तास एका जागी उभे राहिले की शरीर सूक्ष्मपणे डुलत राहते आणि ते सावरताना पोटऱ्या भरून येतात.

परळ, परिचारिका

मी काही कार्यक्रमांमध्ये प्रथमोपचार कक्षात स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. गर्मीने चक्कर आलेल्यांच्या खालोखाल आमच्याकडे येतात ते पायाला फोड आलेले लोक, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पायांत त्या दिवसासाठी घेतलेली नवी कोरी पादत्राणे असतात. फोड केवळ घासण्याने येतो असा समज आहे, पण तेवढेच खरे नाही. पावलागणिक आतले हाड पुढे-मागे सरकते आणि वरची त्वचा मोज्याला किंवा बुटाला चिकटून जागीच राहते. हा ताण पुन्हा पुन्हा पडला की त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी साठते. घामाने ओलसर झालेली त्वचा अधिक चिकटते, आणि मुंबईच्या दमट हवेत मोजे कोरडे राहणे कठीणच असते. सुती मोजे घाम शोषून तो धरून ठेवतात, म्हणून अशा दिवशी खेळाडूंसाठी मिळणारे कृत्रिम धाग्याचे पातळ मोजे बरे. जिथे चप्पल किंवा बूट नेहमी चावतो, ती जागा प्रत्येकाला ठाऊक असते. तिथे घरून निघतानाच, त्वचा कोरडी असताना, औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावावी. जळजळ सुरू झाल्यावर लावलेली पट्टी घामावर टिकत नाही. फोड आलाच तर तो फोडू नये, कारण वरची त्वचा हीच सर्वांत चांगली मलमपट्टी असते.

आणखी एक गोष्ट. टाच बुटात वर-खाली होत असेल तर सर्वांत वरच्या, सहसा रिकाम्या ठेवलेल्या छिद्रांतून नाडी त्याच बाजूला ओवून छोटा फास करावा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून काढावी आणि मग गाठ मारावी. टाच जागेवर बसते आणि चवड्यावरची नाडी सैल ठेवता येते.

मुलुंड, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते केवळ हौसेपोटी नाही. माझी उंची पाच फुटांहून कमी आहे. सपाट बूट घालून मी उभ्याच्या विभागात गेले तर मला कलाकाराऐवजी पुढच्या माणसाच्या पाठीवरची पिशवी दिसते. म्हणून मी पूर्ण तळाला सारखीच जाडी असलेले, घोट्याच्या वरपर्यंत नाड्या असलेले बूट घालते. टाच उंच आणि चवडा खाली असा उतार त्यात नसल्यामुळे सगळा भार बोटांवर येत नाही, आणि नजर चार-पाच सेंटिमीटरने वर जाते, जे गर्दीत पुष्कळ असते. अर्थात जाड तळाखाली खड्डा आला तर घोटा मुरगळण्याची भीती अधिक, म्हणून अंधार पडल्यावर मी त्यात धावत नाही, आणि ते आधी काही दिवस महाविद्यालयात घालून रुळवून घेतलेले असतात. छायाचित्रांत ते चांगले दिसतात हेही खरे आहे. महोत्सवाला जाताना नीटनेटके दिसावेसे वाटणे हा गुन्हा समजू नये, एवढीच ज्येष्ठांना विनंती.

धागाकर्ती

मुलुंडच्या ताई, गुन्हा मुळीच नाही. उंचीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, कारण मी नेहमी मागे, ध्वनिनियंत्रणाच्या मांडवाजवळ उभी राहते. तिथे आवाजही समतोल असतो आणि पाय पसरायला जागाही मिळते.

चेंबूर, पादत्राणांचा कारखाना

ठक्कर बाप्पा कॉलनीत आमचे छोटेसे काम आहे; घरात वडिलांपासून हाच धंदा. मुंबईकरांना फारसे कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आधी लिहितो. अनेक बुटांचे तळ पॉलियुरेथेनचे असतात. हे द्रव्य हलके, लवचीक आणि टिकाऊ असते, पण हवेतल्या बाष्पाने त्याचे हळूहळू विघटन होते. बूट वापरात असो वा नसो, ही क्रिया थांबत नाही. उलट खोक्यात बंद करून कपाटात ठेवलेल्या बुटात ओल कोंडून राहते. मग काही वर्षांनी खास प्रसंगासाठी तो बाहेर काढला की वरून अगदी नवा दिसतो आणि चालता चालता तळाचे तुकडे पडू लागतात. आमच्याकडे असे जोडे घेऊन लोक येतात आणि मालाला नावे ठेवतात; दोष बहुधा साठवणीचा असतो. म्हणून महोत्सवाच्या आठवडाभर आधी बूट काढावा, तळाच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबावे, बूट वाकवून बघावा. भेगा दिसल्या, चिकट लागले किंवा भुगा निघाला, तर तो बूट नेऊ नये. गोंद लावून असा तळ सुधारत नाही. तळच बदलावा लागतो.

खरेदीबद्दल सांगायचे तर पाय दिवसभरात सुजतो, त्यामुळे बूट संध्याकाळी घ्यावा आणि जे मोजे घालणार तेच घालून मापावा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून किंचित मोठा असतो. माप मोठ्या पायाचे धरावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असतो असे नाही. आपल्याकडे चालणाऱ्या इंग्रजी मापांत दोन क्रमांकांतला फरक सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो, तर युरोपीय मापांत तो पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असतो; म्हणून एका तक्त्यावरून दुसऱ्यात बदललेले माप नेमके बसेलच असे नाही. ऑनलाइन मागवताना पाय कागदावर ठेवून सेंटिमीटरमध्ये मोजावा. लांबी बरोबर आणि चवड्याला आवळ, अशी तक्रार आपल्या लोकांत फार आढळते. तिथे मोठे माप घेण्यापेक्षा रुंद साच्याचा बूट शोधावा, कारण लांब बुटात पाय पुढे घसरतो आणि टाच सुटते.

गिरगाव, निवृत्त बँक अधिकारी

मला पुष्कळ वर्षांपासून मधुमेह आहे आणि तळव्यांची संवेदना कमी झालेली आहे. तरुणांना बूट चावला तर कळते; माझ्यासारख्याला ते कळत नाही, हीच खरी अडचण आहे. काळा घोड्याच्या कार्यक्रमांना मी दर वर्षी जातो. तिथे पायाखाली डांबरी रस्ता आणि पदपथाच्या फरश्या असतात, त्यामुळे धुळीचा त्रास कमी, पण जमीन अजिबात दबत नाही. मी बंद पुढ्याचे, आत शिवण न टोचणारे, वर वेल्क्रोच्या पट्टीने आवळता-सैल करता येणारे बूट वापरतो. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी बुटात हात घालून आत खडा किंवा दुमडलेला अस्तराचा कपडा नाही ना, हे पाहतो. कार्यक्रम चालू असताना दर तासाभराने बसायला जागा शोधतो, आणि घरी आल्यावर सौभाग्यवती चष्मा लावून माझे तळवे तपासतात. हिरवळीवर अनवाणी चालण्याची गंमत मला वर्ज्य आहे. परळच्या ताईंनी फोडाबद्दल लिहिले आहे, त्यात माझ्यासारख्यांसाठी एवढी भर घालतो की फोड लहान दिसला तरी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

डोंबिवली, खासगी नोकरी

मंचासमोरच्या गर्दीची सगळ्यांना काळजी असते, पण माझ्या पायांची खरी परीक्षा कार्यक्रम संपल्यावर होते. नेरूळच्या स्टेडियममधून बाहेर पडलेला लोंढा एकाच दिशेने स्थानकाकडे सरकतो, तिथून ठाण्याची गाडी, ठाण्याला पूल चढून कर्जत-कसाऱ्याच्या बाजूची गाडी, आणि इतक्या रात्री गाड्याही कमी. एवढा वेळ पायांवर पाय पडत असतात. उघड्या बोटांची सँडल मैदानात कितीही हवेशीर वाटली, तरी पुलाच्या पायऱ्यांवर मागच्याने टाचेवर पाय दिला की पट्टा तुटतो आणि वाकून ती उचलणे अशक्य असते. म्हणून बंद बूट, दुहेरी गाठ, आणि पिशवीत हवाई चपलांचा पातळ जोड. तो मात्र डोंबिवलीला उतरल्यावरच पायात येतो.

दादर, संगीत शिक्षक

सगळे बुटांवरच लिहीत आहेत, म्हणून कोल्हापुरीची बाजू मांडतो. खुल्या मैदानातल्या शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात भारतीय बैठक असते. जाजमावर मांडी घालून बसायचे आणि चहासाठी वरचेवर उठायचे, तिथे नाड्यांचे बूट म्हणजे शिक्षाच. रुळलेल्या कोल्हापुरीत पाय सहज जातो, हवा खेळते, आणि कातड्याचा तळ हळूहळू पायाचा आकार घेतो. नवी चप्पल मात्र चावते. तेलाचा हात फिरवून ती घरात थोडी थोडी वापरावी. ओल्या गवतावर आणि गुळगुळीत फरशीवर तिचा तळ घसरतो हेही मान्य. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशीच चप्पल दाखवली आणि आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. परंतु त्या गदारोळात भाग घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या पायात कोल्हापुरी होती, हे पाहायला मला आवडले असते. सांगण्यासारखे एवढेच की चपला काढून ठेवाव्या लागणार असतील, तर कापडी पिशवी सोबत न्यावी आणि त्या आपल्याजवळच ठेवाव्यात.

बोरिवली, गृहिणी

मोज्यांचा दुसरा जोड न्यावा आणि संध्याकाळी बदलावा. बाकी काहीही न करता एवढे केले तरी पायांना फरक जाणवतो.

ठाणे, वाचक

चेंबूरच्या दादांना एक प्रश्न आहे. माझे रोजचे बूट पायाला पूर्ण सवयीचे आहेत, पण जुने झाले आहेत. तेच घालावेत की नवे घेऊन महिनाभर आधी रुळवावेत?

चेंबूर, पादत्राणांचा कारखाना

ताई, बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच एका बाजूला कललेली दिसली, किंवा दोन्ही हातांनी पिळल्यावर तो मधोमध फडक्यासारखा वळला, तर त्याचा आधार संपला आहे. नवे घ्या आणि आजपासूनच घरात घालायला लागा. बूट सरळ उभा राहत असेल आणि फक्त चवड्याच्या भागात वाकत असेल, तर आतली झिजलेली गादी बदलून तेच घाला. नवी गादी घालण्याआधी जुनी काढायला विसरू नका; दोन्ही एकावर एक ठेवल्या तर पाय वर येतो आणि पुढा आवळतो.