विळी, सुरी, अडकित्ता: गंज कसा काढता?

मंडळी, पावसाळा संपत आलाय. खंडेनवमीला पूजेत मांडण्याआधी घरातली पाती घासायची आमची पद्धत. यंदा आजीची लोखंडी विळी पार तांबडी झालीय. तिच्यावर भाजी चिरायची आहे, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातली द्रावणं नकोत. तुमचे अनुभव लिहा. 'धारवाल्याला द्या' सांगू नका, आमच्या गल्लीत तो आता फिरकत नाही.

डोंबिवली
चिंच! भिजवलेल्या चिंचेचा चोथा जाड मीठ लावून पात्यावर चोळायचा, थोडा वेळ ठेवायचा, मग काथ्याने घासायचं. तांबडं पाणी सुटतं. पण खरं काम पुढे आहे. आंबट नीट धुतलं गेलं नाही किंवा मीठ राहिलं, तर दुसऱ्या दिवशी पातं पुन्हा तांबडं. म्हणून साबणाने धुवा, पुसा, गॅसजवळ कोरडं करा आणि खोबरेल लावा. खवणीच्या दात्यांत जुना टूथब्रश फिरवा.

पुणे
मी व्हिनेगरवाला. विळी बुडवत बसू नका, पाटाचं लाकूड फुगेल. टिश्यू पेपर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून फक्त पात्याला गुंडाळायचा. अर्ध्या तासाने बघा, हवं तर पुन्हा गुंडाळा. रात्रभर नको: गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं आणि पहिला घास धारेचा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. हट्टी डागांवर तेल टाकून बारीक पॉलिश पेपर (६०० किंवा ८०० नंबर). घासताना हात पाठीकडून धारेकडे. उलटं केलंत तर बोट कापेल.

रत्नागिरी
एवढे सोपस्कार कशाला हो? आमच्या वडिलांचा कोयता विटकरीच्या पुडीने आणि नारळाच्या सोडणाने साफ व्हायचा, मग दगडावर धार. गंजाचे वर आलेले पापुद्रे तेवढे काढायचे. कोकणातल्या पावसात लोखंड आरशासारखं ठेवू म्हणणं म्हणजे हौसच.

सिएटल
काकांशी सहमत, आणि सगळ्यांना विनंती: काळं पडलेलं घासून काढू नका. माझ्याकडे जपानी कार्बन स्टीलची सुरी आहे. कांदा, कैरी, लिंबू चिरून ती निळसर-काळी झाली. ते लोखंडाचं काळं ऑक्साइड, पात्याला चिकटून बसतं आणि नव्या गंजाला बऱ्यापैकी अडवतं. तांबडा गंज भुसभुशीत असतो, ओल धरतो आणि खाली खात जातो. बोट फिरवून बघा: तांबडं बोटाला लागलं तर काढा, काळं असेल तर राहू द्या. लख्ख घासलेल्या पात्याने पहिला कांदा चिरलात तर तोही काळपट होईल. आजीच्या विळीवर तो काळा थर वर्षानुवर्षांचा असणार, तो घालवू नका.

नाशिक
स्टेनलेस सुरीवरही ठिपके पडतात, हे कुणी लिहिलंच नाही. स्टेनलेसमध्ये क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर असतं, त्याचा पातळ थर पोलादाला राखतो. मीठ त्यालाच भोकं पाडतं. लोणच्याचं लिंबू चिरून सुरी रात्रभर सिंकमध्ये पडली की सकाळी ठिपके हजर. सोड्याच्या दाटसर लेपाने जातात. खड्डा पडला असेल तर मात्र तो घासून भरत नाही, धार लावताना पातंच तेवढं झिजवावं लागतं.

सांगली
अडकित्त्याच्या खिळ्यात गंज धरला की तो उघडत नाही. तिथे गोडेतेलाचे दोन थेंब, रात्रभर ठेवून सकाळी हळूहळू उघडझाप. जोर लावलात तर खिळा ढिला होतो आणि मग सुपारी फुटत नाही, चेपते.

मूळ विचारणारी
सिएटलकर, बोट फिरवून पाहिलं. पाटाजवळ तांबडं, धारेकडे काळंच आहे. तेव्हा पाटाजवळ तेवढी चिंच लावते. आईला मात्र काळं पातं पूजेत चालेल का, ते विचारायचंय.