बीएस्सी फिजिक्स: तीन वर्षांत नेमकं हाती काय लागतं?

लंबक:
इंजिनिअरिंग हुकलं म्हणून बीएस्सी फिजिक्स, पुढे बीएड नाहीतर स्पर्धा परीक्षा, असं सरसकट बोललं जातं. ते मला पटत नाही. आपलं मोजमाप किती चुकलेलं असू शकतं हे आकड्यात सांगता येणं, ही या पदवीची खरी कमाई.

साध्या लंबकावरून 'जी' (गुरुत्वीय त्वरण) काढायचा प्रयोगच घ्या. लांबी १ मीटर, २० दोलनं, साधारण ४० सेकंद. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद मागेपुढे झालं की वेळेत अर्धा टक्का चूक. सूत्रात दोलनकाळाचा वर्ग आहे, म्हणून 'जी'मध्ये ती १ टक्का होते. लांबीत मिलिमीटरभर चुकलं तर जेमतेम ०.१ टक्का. म्हणजे पट्टीवर डोळे फोडण्यापेक्षा ५० दोलनं मोजावीत, चूक ०.४ टक्क्यावर येते. पण लंबक २० अंश ओढून सोडला, तर दोलनकाळ पाऊण टक्क्याने वाढतो आणि 'जी' दीड टक्क्याने कमी येतो. मग दोलनं कितीही मोजा, ही चूक जात नाही. कुठली चूक जास्त रीडिंग घेऊन कमी होते आणि कुठली होत नाही, हे एकदा कळलं की कारखान्यातली तपासणी असो की निवडणुकीचा सर्व्हे, माणूस आकड्याला सहज फसत नाही.

बॅकलॅश:
साफ असहमत. हे सगळं प्रयोग खरोखर केला तर! एका स्पेक्ट्रोमीटरवर पाच जण, रीडिंग एकाचं, बाकीचे उतरवून घेणारे. 'जी'चं पुस्तकी उत्तर ९८० (सेंमी/सेकंद²) धरून उलटं गणित करायचं आणि रीडिंग जुळवायचं. सीनियरचं जर्नल (प्रयोगवही) असतंच.

न्यूटनच्या वलयांचा प्रयोग बघा, म्हणजे सपाट काचेवर भिंग ठेवल्यावर दिसणारी काळी-उजळ वलयं मोजायची. मायक्रोस्कोप एकाच दिशेने सरकवत न्यायचा. मध्येच मागे फिरवला की स्क्रूच्या ढिलाईमुळे रीडिंग बिघडतं. त्रिज्या न मोजता व्यास का मोजायचा, असं व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारलं की शांतता. (केंद्र नेमकं सापडत नाही म्हणून.) मधला ठिपका काळा न येता उजळ आला, तर बहुधा भिंगाखाली धुळीचा कण असतो. तरीही व्यासाचा वर्ग आणि वलयाचा क्रमांक यांचा ग्राफ काढला की उतार तोच येतो, रेषा फक्त वर-खाली सरकते. हे समजून घेण्यासारखं आहे, पण जर्नलात 'मध्यभागी काळा ठिपका दिसला' एवढंच उतरतं.

शिवाय विद्यापीठाच्या पेपरात पाठ केलेली डेरिव्हेशन्स चालतात. एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटीची जॅम द्यायची तर ३ तासांत ६० प्रश्न, त्यातल्या काहींना पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून भरायचा. तीन वर्षं एक शिकायचं आणि परीक्षा दुसऱ्याचीच.

ओहम:
दोघेही प्रयोगशाळेतच अडकलात. स्प्रिंगला टांगलेलं वजन आणि एलसीआर सर्किट (कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर जोडलेलं) यांचं समीकरण एकच: वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, घर्षणाच्या जागी रेझिस्टन्स, स्प्रिंगच्या ताठरपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त. एक सोडवलं की दुसरं सुटलं. हे दिसायला लागणं ही मोठी कमाई आहे. तिला पायथॉन प्रोग्रॅमिंगची जोड मात्र स्वतःहून द्यावी लागते.

लंबक:
बॅकलॅश, रीडिंग जुळवतात हे खरंच आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण तो दोष विषयाचा नाही, मार्क देण्याच्या पद्धतीचा आहे. उत्तर ९८० च्या किती जवळ आलं यावर मार्क दिले की पोरं ९८० च आणणार. कच्ची रीडिंग पेनाने लिहायची, त्याच दिवशी त्यावर सही घ्यायची, आणि मोजमापात चूक किती असू शकते, याच्या अंदाजाला मार्क द्यायचे.

बॅकलॅश:
असं करणारं कॉलेज असेल तर माझा विरोध संपला. प्रवेश घेण्याआधी तिथली दोन जर्नलं मागून उघडून बघा. ग्राफवरचे सगळे बिंदू रेषेवर तंतोतंत बसलेले दिसले, तर दुसरं कॉलेज शोधा.