झुकतं माप, दांडी की पासंग? टीव्हीवरच्या चर्चेसाठी नेमका शब्द कोणता?

मुद्रितशोधक, जळगाव

मंडळी, एक शब्द अडला आहे. माझी पुतणी पत्रकारिता शिकते. टीव्हीवरच्या राजकीय चर्चांवर तिला टिपण लिहायचं होतं, ते तपासायला माझ्याकडे आलं. दोन पानांत सतरा वेळा ‘बायस’. मी नेहमीच्या सवयीने सगळे खोडून ‘पक्षपात’ केले. तर म्हणते, “काका, पक्षपात म्हणजे झालेला. मला बघणाऱ्याला वाटतो तो म्हणायचाय. तो झाला की नाही, हे मला कुठे माहीत आहे?”

पोरीचं बरोबर आहे. आणि योगायोग असा की त्याच आठवड्यात पाचोऱ्याला एका सलूनमध्ये बसलो होतो. भिंतीवर टीव्ही, त्यात सहा चौकटी, सहाही जण एकदम बोलताहेत. खुर्चीवरचे गृहस्थ तोंडाला फेस लावलेल्या अवस्थेतच निवेदकाकडे बोट करून म्हणाले, “हाऊ त्यासना मानूस शे.” बाकावरचे दुसरे लगेच उसळले, “त्यासना नही, तुम्हनाच शे!” निवेदक एकच, चर्चा एकच. दोघांनाही तो समोरच्याचा वाटला. कारागिराने आवाज बंद केला आणि दाढी पुढे सुरू केली.

तर या वाटण्याला मराठीत काय म्हणावं? माझ्याकडे आहेत ते शब्द असे: पक्षपात, एकांगीपणा, कल, आकस, झुकतं माप. ‘कल’ मला आवडतो, पण तो मतमोजणीच्या दिवशी वाहिन्यांनीच पळवला. ‘पहिले कल हाती’ म्हटलं की आता कोणाचा स्वभाव डोळ्यांपुढे येत नाही, आकडे येतात.

अमळनेरकर

सर, ‘पक्षपात’ मुळातून बघा. पक्ष म्हणजे पंख, पात म्हणजे पडणं. एका पंखावर कलंडणं. संस्कृतात पक्ष्याची पिसं झडणं यालाही पक्षपात म्हणतात, म्हणजे प्रवक्ते मंडळींना दोन्ही अर्थ लागू. याच ‘पक्षा’चे पंधरवडा, राजकीय पक्ष आणि न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रातला पक्ष असे आणखी अर्थ आहेत. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर आहे’ यात ज्याच्याबद्दल सिद्ध करायचं तो पर्वत हा पक्ष.

आता ‘निष्पक्ष’ आणि ‘निःपक्षपाती’ सर्रास एकाच अर्थाने वापरतात. मला फरक दिसतो. निष्पक्ष म्हणजे ज्याला पक्षच नाही. असा माणूस मला तरी भेटलेला नाही, आणि निवडणुकीत उभा राहिला तर त्याला अपक्ष म्हणतात. निःपक्षपाती म्हणजे ज्याला मत आहे, पण ज्याचं पारडं त्या बाजूला पडत नाही. निवेदकाकडून अपेक्षा दुसरी हवी. ‘आम्ही निष्पक्ष आहोत’ ही घोषणा ऐकली की मी सावध होतो.

धुळेकर वकील

पुतणीच्या मुद्द्याला कायद्यात जागा आहे. १९६९ चा क्रैपाक खटला. भारतीय वन सेवेसाठी जम्मू-काश्मीरमधल्या अधिकाऱ्यांची निवड होती. निवड मंडळात तिथले प्रभारी मुख्य वनसंरक्षक बसले होते आणि ते स्वतःच उमेदवार होते. स्वतःचं नाव आलं तेव्हा ते उठून बाहेर गेले, प्रतिस्पर्ध्यांची नावं चालली तेव्हा मात्र हजर. सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द केली. मनात पक्षपात होता की नाही हे सिद्ध करणं अवघड. तो असण्याची शक्यता मानायला वाजवी कारण आहे का, एवढं बघायचं, असा त्याचा मथितार्थ.

आम्ही त्याला ‘पक्षपाताची वाजवी शंका’ म्हणतो. तुमच्या पुतणीला हाच शब्दप्रयोग द्या. मात्र ‘वाजवी’ सोडू नका. सलूनमधल्या दोघांची शंका वाजवी होती का, हा वेगळा खटला.

वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची स्वतःची आचारसंहिता आहे, तीत तटस्थता आणि सर्व संबंधितांना समान संधी, असं लिहिलेलं आहे. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामकाचा नियम याहून बारीक. तिथे नुसता निःपक्षपातीपणा मागत नाहीत, विषयाला साजेसा, यथोचित निःपक्षपातीपणा मागतात. पृथ्वी गोल की सपाट, यावर दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मिनिटं द्यायची नसतात. आपल्याकडे ‘समान संधी’चा अर्थ समान चौकटी असा घेतात.

सावदा, केळीवाला

वकीलसाहेब, आमच्याकडे ‘समान चौकटी’ म्हणजे काय ते सांगतो. व्यापारी म्हणतो बाग सगळी एकाच भावाने घेतली, पण घड बाजूला कोणते काढायचे ते त्याचा माणूस ठरवतो.

पण मला सरांच्या यादीतला शेवटचा शब्द खटकला. ‘झुकतं माप’ शिवी कधी झाला भो? आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. तागडीने तोलताना मालाचं पारडं किंचित खाली गेलं पाहिजे, काटा मध्ये आला की हात थांबवायचा नाही, अजून चिमूटभर टाकायचं. गिऱ्हाईक समाधानाने जायचं. झुकतं माप म्हणजे दुकानदाराने स्वतःच्या पदरचं जास्त दिलेलं. तो उदारपणा होता. चोरीला वेगळा शब्द आहे: दांडी मारणं. करंगळीने दांडी दाबायची, गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि माल कमी जातो.

आता सांगा, टीव्हीवाला एखाद्याला जास्त वेळ देतो ते झुकतं माप, की दांडी?

मुद्रितशोधक, जळगाव

केळीवाले भाऊ, पाया पडतो. तीस वर्षं मी हा शब्द दुरुस्त करत आलो आणि त्यातला दुकानदार मला दिसला नव्हता. झुकतं माप देणाऱ्याच्या खिशातून जातं. निवेदक जो वेळ एकाला जास्त देतो तो त्याच्या खिशातला नसतो, दुसऱ्याच्या वाट्याचा असतो. म्हणून दांडीच.

एक शंका मात्र व्याकरणवाल्याची. माप झुकतं कसं? शेर, अधोली, पायली ही भरायची मापं. त्यांना शीग येते, झुकाव येत नाही. ‘चर्चा शिगेला पोहोचली’ म्हणताना आपण धान्याच्या मापावरचा तो ढीगच म्हणतो. झुकतं ते वजनाचं पारडं. म्हणजे या वाक्प्रचारात माप आणि वजन एकमेकांत मिसळली आहेत. बाजार समितीतले हमाल-मापाडी तरी काय, नाव मापाडी आणि हातात वजनकाटा.

नंदुरबारची

मला ‘तटस्थ’बद्दल बोलायचं आहे. तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. तापीला पूर आला की काठावर बघ्यांची गर्दी होते, ते सगळे तटस्थ. जुन्या मराठीत ‘तटस्थ झाला’ म्हणजे थक्क होऊन नुसता बघत राहिला, असाही अर्थ आहे. दोन प्रवक्ते एकमेकांच्या अंगावर जाताहेत आणि निवेदक काठावर, हे मला नको. ‘त्रयस्थ’ बरा. दोघांखेरीज तिसरा, पण त्याच जागी उभा.

आणि आणखी एक. तुम्ही सगळे निवेदक किती बोलू देतो ते मोजताय. मी खालची पट्टी वाचते. जून २०२२ मध्ये शिवसेनेत जे झालं त्याला कोणत्या वाहिनीवर ‘बंड’, कुठे ‘उठाव’, कुठे ‘फूट’ आणि पाहुण्यांच्या तोंडी ‘गद्दारी’. घटना एक. एकाही पाहुण्याने तोंड उघडायच्या आत निकाल पट्टीवर लागलेला. पुढे ‘गट’ हा साधा शब्दसुद्धा साधा राहिला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह शिंदे यांच्याकडे दिलं. त्यानंतरही ‘शिंदे गट’ म्हटलं तर एका घरात राग, ‘शिवसेना’ म्हटलं तर दुसऱ्या घरात, ‘उबाठा’ म्हटलं तर तिसऱ्या. राष्ट्रवादीचं तर वर्षभराने तेच. आमच्या खान्देशातली अर्धी घरं या दोन्ही फुटींत मधोमध चिरली गेली आहेत, त्यामुळे इथे कोणता शब्द वापरला यावरून माणूस कुठला ते कळतं. पक्षांतराचंही तसंच. आपल्याकडे आला की ‘प्रवेश’, आपल्याकडून गेला की ‘पक्षांतर’, आणि परत आला की ‘घरवापसी’.

अमळनेरकर

ताई, पट्टीचा मुद्दा फार नेमका. त्याला शास्त्रात जागा आहे. आमच्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, त्या ऋणाने थोडं लांबवतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, बोलाचालीचे तीन प्रकार आहेत. ‘वाद’: दोघे पक्ष आणि प्रतिपक्ष घेतात, प्रमाणं आणि तर्क देतात, हेतू सत्य काढण्याचा. (आपण आज वाद म्हणजे भांडण समजतो, ही मराठीने केलेली बेअदबी.) ‘जल्प’: इथे हेतू जिंकण्याचा. त्यासाठी छल (शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ लावणं), जाती (वरवरचं फसवं खंडन), निग्रहस्थान (समोरच्याला हरलेला ठरवायच्या जागा) सगळं चालतं. आणि ‘वितंडा’: स्वतःची बाजूच मांडायची नाही, फक्त समोरच्याची तोडायची. ‘वितंडवाद’ तिथून आला.

छलाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. कोणी म्हणालं, ‘हा नवकंबल आहे’, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. पण संस्कृतात नव म्हणजे नऊही. समोरचा म्हणतो, ‘नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते!’ रात्री नऊ वाजता कुठलीही वाहिनी लावा, दहा मिनिटांत नवकंबल सापडतो. पाहुणा ‘काही शेतकऱ्यांना’ म्हणतो, समोरचा ‘म्हणजे सगळे शेतकरी खोटे का’ म्हणून ओरडतो.

मला सांगायचंय ते हे की पाटीवर ‘चर्चा’ लिहिलेलं असतं, घडतो जल्प. जल्पात प्रत्येक बाजूला पंच समोरच्याचा वाटणं अपरिहार्य आहे, कारण तिथे प्रत्येक आक्षेप हा घाव असतो. तेव्हा काही दोष निवेदकाचा, काही खेळाचा. शास्त्रार्थात निवाडा करणाऱ्याला ‘मध्यस्थ’ म्हणत. सूत्रसंचालकापेक्षा मला तो शब्द बरा वाटतो.

सावदा, केळीवाला

आमच्याकडे मध्यस्थ म्हणजे दलाल. दोन्हीकडून घेतो. बघा बरं, बसतो का.

पाचोरेकर

त्या सलूनमध्ये मीही जातो. पण दोघांनाही तो उलट वाटला यात नवल नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८५ मध्ये हेच दाखवलं होतं. १९८२ च्या बैरूतमधल्या हत्याकांडाच्या त्याच टीव्ही बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांनी सांगितलं, बातम्या आमच्याविरुद्ध आहेत.

पण याचा गैरफायदाही घेतात. ‘दोन्हीकडून शिव्या बसतात म्हणजे आम्ही बरोबर’ असं निवेदक छाती फुगवून सांगतात. दोन्हीकडून शिव्या तर नुसत्या वाईट कार्यक्रमालाही बसतात. सप्टेंबर २०२३ मध्ये विरोधकांच्या ‘इंडिया’ आघाडीने चौदा निवेदकांची यादीच काढली, यांच्या कार्यक्रमाला आमचे प्रतिनिधी जाणार नाहीत म्हणून. कोणी त्याला बहिष्कार म्हटलं, कोणी असहकार, कोणी माध्यमस्वातंत्र्यावर घाला. पुन्हा शब्दच. पक्ष वाटणाऱ्या पक्षपातावर निर्णय घेतात, आणि असलेला पक्षपात मोजायला कोणी तागडी घेऊन बसत नाही.

धुळेकर वकील

तळी उचलणे, री ओढणे, पाठराखण, धार्जिणा हे राहिले की. ‘तळी उचलणे’ खंडोबाच्या जागरणातलं. चारचौघांनी मिळून ताम्हन उचलायचं, येळकोट म्हणायचं. एकटा माणूस तळी उचलत नाही. निवेदकाने एखाद्या पक्षाची तळी उचलली म्हणताना त्याच्याबरोबर आणखी हात आहेत, हे त्या शब्दातच आलं. ‘री ओढणे’ मात्र टाळकऱ्याचं: गाणारा दुसरा, हा मागे. ही सगळी उघड कामं आहेत. त्यांना वाजवी शंका वगैरे लागत नाही.

मुद्रितशोधक, जळगाव

वकीलसाहेबांनी उघड म्हटलं आणि मला राहिलेला शब्द आठवला. पासंग.

आपण ‘पासंगालाही पुरणार नाही’ एवढ्यापुरता तो ठेवला आहे. तागडीची दोन पारडी रिकामी असताना सारखी नसतात. एक दोरी लांब, एक पारडं जड. मग हलक्या बाजूला खडा बांधून दांडी आडवी आणायची, तो खडा म्हणजे पासंग. खडा बरोबर असला तर तराजू खरा. मालाच्या बाजूला खडा मुद्दाम मोठा बांधला तर मग तोलणारा कितीही सरळ हाताने तोलो, माल कमीच जाणार. करंगळी लावायची गरज नाही. उभा राहून पाहणाऱ्यालाही दोष दिसत नाही, फक्त घरी गेल्यावर पिशवी हलकी लागते.

नंदुरबारच्या ताईंची पट्टी म्हणजे पासंग. ‘विरोधक देशाच्या प्रगतीत अडथळा आणतायत का?’ किंवा ‘सरकार शेतकऱ्यांना फसवतंय का?’ हे प्रश्न म्हणून लिहिले, तरी दांडी आधीच कललेली. कोणाला बोलावलं, ‘राजकीय विश्लेषक’ असा बिल्ला कोणाला लावला आणि तो कालपर्यंत कुठे होता, हाही पासंग. त्यानंतर निवेदकाने घड्याळ लावून सर्वांना दोन-दोन मिनिटं दिली तरी उपयोग नाही. सलूनमधल्या गृहस्थांना निवेदकाची करंगळी दिसत नव्हती, पिशवी हलकी लागत होती. दोघांचीही लागत होती, हे कोडं पासंगानेही सुटत नाही; तिथे पाचोरेकरांचं स्टॅनफर्ड घ्यावं लागेल.

पुतणीच्या टिपणात असं केलंय: उघड बाजू घेणं ते ‘पक्षपात’, वेळेची आणि अडवाअडवीची चलाखी ती ‘दांडी’, रचनेतला तो ‘पासंग’, आणि बघणाऱ्याला वाटतो तो ‘पक्षपाताची शंका’, वाजवी की गैरवाजवी ते ज्याचं त्याने सिद्ध करावं. ‘झुकतं माप’ काढून टाकलंय. तो शब्द केळीवाल्या भाऊंच्या आजोबांना परत.

फक्त ती विचारते, वर्गात पासंग कोणाला कळेल? त्यांनी तागडी पाहिलेलीच नाही. सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे.

सावदा, केळीवाला

कळेल. काट्यावर घड ठेवायच्या आधी आमच्या मळ्यातला गडी रोज एकच वाक्य बोलतो: “आधी झिरो दाखव.” तेवढं लिहा म्हणावं.