मदत हवी आहे: साठी ओलांडलेल्या हाताला सांभाळून घेणारी टेनिस रॅकेट

मंडळी, नमस्कार.

वय ६२, मुक्काम भुसावळ. डबल्स जास्त, सिंगल्स कोणी गळ घातली तरच. एकहाती बॅकहँड, फोरहँड जुन्या वळणाचा, म्हणजे बराचसा सपाट. हातात विल्सनची प्रो स्टाफ आरएफ ९७, २०१४ मध्ये आलेली पहिली आवृत्ती. तारांशिवाय ३४० ग्रॅम, तारा आणि ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) धरून ३६० च्या वर. रॅकेटबद्दल माझी आजही तक्रार नाही. चेंडू मधोमध बसला की हाताला जे कळतं ते दुसऱ्या कुठल्या रॅकेटमध्ये मला मिळालेलं नाही. अडचण एवढीच की हल्ली तो मधोमध कमी बसतो.

नेमकं काय होतं ते सांगतो, नाहीतर "हलकी घ्या की काका" एवढंच उत्तर येईल. व्हॉली ठीक आहे. सर्व्हिसला जोर कमी झालाय, पण जागा साधते. बिघडलाय तो रिटर्न, त्यातही बॅकहँडकडचा. चेंडू दिसतो, पाय पोचतात, रॅकेट मात्र किंचित उशिरा येते आणि चेंडू चौकटीच्या कडेला किंवा रॅकेटच्या गळ्याजवळ लागतो. ९७ चौरस इंचांची चौकट हातात पिळते आणि चेंडू नेटच्या पट्टीखाली. दुसऱ्या सेटपासून कोपराखालचा हात जड व्हायला लागतो. हाडांच्या डॉक्टरांच्या मते टेनिस एल्बो अजून झालेला नाही, पण असंच चालू ठेवलं तर होईल.

कोर्टाचीही साथ नाही. खाली आपली काळी माती, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, त्यामुळे वरच्या सिमेंटला दरवर्षी नवी भेग. भेगेवर टप्पा पडला की चेंडू कुठे वळेल ते सर्व्हिस करणाऱ्यालाही माहीत नसतं. पुण्या-मुंबईच्या गुळगुळीत कोर्टावर खेळणाऱ्यांनी सल्ला देताना हे लक्षात घ्यावं ही विनंती.

दोन रॅकेटी हाताळून झाल्या. पुतण्याची बाबोलाची प्युअर ड्राइव्ह, १०० इंच, ३०० ग्रॅम. फिरते झकास, पण माझ्या सपाट फटक्यावर चेंडू थेट मागच्या जाळीत, आणि एका संध्याकाळीच कोपरात कळ आली. ती चौकट कडक आहे, आरए (कडकपणाचा आकडा) ७० च्या घरात. दुसरी आमच्या ग्रुपमधल्या एका आप्पांची, ११५ इंचांची, अडीचशे ग्रॅमच्या थोडी वर. तिने लॉब आणि ड्रॉप छान बसतात. पण कॉलेजच्या पोरांपैकी कोणी जोरात मारला की व्हॉलीला रॅकेटच मागे ढकलली जाते. आप्पांना ती शोभते, ते नेटवर येतच नाहीत.

थोडक्यात, मला सोपी रॅकेट हवी आहे, नवशिक्याची नको आहे. फटका कसा मारायचा ते हाताला ठाऊक आहे, फक्त दोन बोटं चुकलं तर रॅकेटने पदरात घ्यावं. दुकानदार मंडळींना हा फरक समजावणं फार अवघड जातं. वय ऐकलं की ते सरळ सर्वांत हलकी आणि सर्वांत जाड चौकट काढून समोर ठेवतात.

डोक्यात असलेली नावं: विल्सन क्लॅश १००, हेड ग्रॅव्हिटी एमपी, योनेक्स ईझोन १००. बजेट २० हजारांपर्यंत, तारा धरून. खानदेशात डेमो रॅकेट मिळत नाही, त्यामुळे ऑनलाइन मागवायची म्हणजे डोळे मिटून मागवायची. म्हणून विचारतोय की या तिन्ही कोणी एकहाती बॅकहँडने वापरल्या आहेत का? आणि ३४० वरून एकदम ३०० ग्रॅमवर उतरणं शहाणपणाचं आहे का?

प्रतिसाद: स्लाइसप्रेमी

काका, रॅकेटचं नंतर बघू. तारा कुठल्या, किती पाउंडांवर, आणि शेवटच्या कधी बदलल्या?

धागाकर्ता

पूर्ण पॉलिएस्टर, ५४ पाउंड. तुटल्या की बदलतो. आणि तुटत नाहीत.

स्लाइसप्रेमी

कोपराचं दुखणं मग तिथेच आहे. पॉलिएस्टर न तुटता मरते. ताण सोडते, चेंडू लागल्यावर परत जागेवर सरकणं थांबतं आणि उरलेला सगळा धक्का दांड्यातून हातात येतो. ज्याला टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढची फिरकी, देऊन जोरात ओढायचं आहे त्या पोरांसाठी ती तार आहे. सपाट मारणाऱ्याला तिचा फायदाच मिळत नाही, तोटा मात्र पुरेपूर.

आहे त्याच रॅकेटला आधी मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची मऊ तार, लावा. विल्सन एनएक्सटी, टेक्निफायबर एक्स-वन बायफेज, नाहीतर स्वस्तात हेड व्हेलॉसिटी. ताण ५० पाउंड. फेडरर हीच चौकट वापरायचा तेव्हा उभ्या तारा नैसर्गिक गटच्या (जनावरांच्या आतड्याच्या) आणि फक्त आडव्या पॉलिएस्टरच्या असायच्या, हे विकत घेणारे विसरतात. तुम्ही गटच्या भानगडीत पडू नका. महाग पडते, आणि आपल्याकडे आठ महिने कोरडी हवा असली तरी पावसाळ्यात ओल लागली की ती फुगून उसवते.

अजून एक. मे महिन्यात रॅकेट गाडीत ठेवून बाजारात जायचं नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हात बंद गाडीत तारांचा ताण एका दुपारीत उतरतो. आणि तारांत रबराचा डॅम्पनर बसवून कोपर वाचतो हा गैरसमज आहे, त्याने फक्त आवाज बदलतो.

धागाकर्ता

तारांचं पटलं, या आठवड्यात बदलतो. आमच्याकडे तारा ओढणारा मुळात बॅडमिंटनवाला आहे. ५० सांगितलं की "थोडं घट्ट करू का काका, टिकेल" म्हणतो. उभं राहून ओढून घ्यावं लागेल.

पण तार मऊ केल्याने कोपर सुटेल, रॅकेट उशिरा येते त्याचं काय?

प्रतिसाद: तापीकाठ

उशिरा येण्याचा संबंध काट्यावरच्या वजनाशी कमी आणि स्विंगवेटशी, म्हणजे फिरवताना हाताला जाणवणाऱ्या जडपणाशी, जास्त. तेच ३०० ग्रॅम मुठीकडे असले तर रॅकेट फुलासारखी फिरते, टोकाकडे असले तर ओढावी लागते. तुमची आरएफ बरीच मुठीकडे झुकलेली आहे, म्हणूनच इतकी वर्षं झेपली. तरी तिचं स्विंगवेट तारांसह ३३५ च्या पुढे जातं. तुम्ही ३१५ ते ३२० मध्ये शोधा. बॅकहँड रिटर्नला हाताला जी घाई करावी लागते ती तिथे कमी होईल.

आता कडेला लागलेला चेंडू. चौकट पिळू नये यासाठी वजन मधल्या रेषेपासून लांब हवं, आणि हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून चौकट थोडीशी रुंद झाली तरी फरक हाताला जाणवतो. लाकडी रॅकेटी ६५-७० इंचांच्या असायच्या. हॉवर्ड हेड नावाचा अमेरिकन अभियंता, स्कीच्या धंद्यातून आलेला, स्वतः टेनिसमध्ये कच्चा, त्याला रॅकेट हातात पिळते याचाच राग आला आणि त्याने ११० इंची प्रिन्स काढली. पेटंट १९७६ चं. लोक हसले होते. दोनच वर्षांनी १६ वर्षांची पॅम श्रायव्हर तीच घेऊन अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पोचली. फेडररनेही ९० इंचांवरून ९७ वर यायला तिशी ओलांडली, आणि नंतर तिच्यावरच तीन ग्रँड स्लॅम जिंकल्या. तेव्हा १०० इंच म्हणजे म्हातारपणाची काठी असं मनात असेल तर काढून टाका.

३४० वरून ३०० वर उतरायला हरकत नाही, पण त्याखाली जाऊ नका. आप्पांच्या रॅकेटला जे झालं ते तुम्हालाही होईल. चेंडूचं वजन तेवढंच राहतं. रॅकेट हलकी झाली की धक्का हाताने सोसायचा. कोपर दुखणाऱ्याला हलकी रॅकेट द्यायची आणि तीही कडक, हा सल्ला कुठून निघाला कोण जाणे. हवं तर नंतर चौकटीच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ३ आणि ९ असतात त्या जागी, दोन-दोन ग्रॅमची शिशाची पट्टी लावा. स्विंगवेट थोडंच वाढतं आणि पिळणं बरंच कमी होतं.

प्रतिसाद: अमळनेरी

काय भो, रॅकेटच्या मागे लागले तुम्ही! बोपण्णा ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकला २०२४ मध्ये, गुडघ्यात कूर्चा उरलेली नसताना. योगासनं करून उभा राहिला तो. तुम्ही रिटर्नला एक पाऊल मागे उभे राहा आणि समोरच्याचा हात वर जाताच खांदा वळवा. फुकटचा उपाय आहे. वीस हजारांत किती शेवभाजी येते माहीत आहे का?

धागाकर्ता

दादा, खांदा वळवून झाला, आता कंबर वळायला तयार नाही. पाऊल मागे घेऊन पाहिलं. जोराच्या सर्व्हिसला उपयोग होतो, पण आमच्यात निम्मे जण मऊ स्लाइस टाकतात, तो चेंडू मग बाजूच्या कोर्टात गाठावा लागतो. शेवभाजीचा मुद्दा मात्र बिनतोड.

प्रतिसाद: मेहरूणचा वारा

मी जळगावचा, वय ५७, एकहाती बॅकहँड, कोपर दोनदा दुखून बरा झालेला. तुमच्या यादीतल्या क्लॅश आणि ग्रॅव्हिटी एमपी दोन्ही माझ्याकडे आहेत, तिसरी ईझोन मित्राची खेळलोय.

ईझोन १०० तुमच्यासाठी नाही. योनेक्सच्या चौकोनी डोक्यामुळे वरच्या बाजूला लागलेला चेंडूही चांगला जातो हे खरं, पण ती जोर देणारी रॅकेट आहे. प्युअर ड्राइव्हपेक्षा हाताला बरी, स्वभाव मात्र त्याच घरातला. सपाट मारणाऱ्याला लांबी सांभाळावी लागते.

क्लॅश फार मऊ. पहिल्या आवृत्तीचा आरए ५५ च्या आसपास, २९५ ग्रॅम. कोपराला तिच्याइतकं सुख मला कुठल्याच रॅकेटने दिलं नाही. पण चेंडू तारांवरून जरा उंच निघतो, आणि जोराचा रिटर्न ब्लॉक करताना चौकट वाकल्याची जाणीव होते. आरएफची सवय असलेल्या हाताला ती सुरुवातीला पोकळ वाटेल. मला वाटली होती. टॉपस्पिन देणाऱ्यांचं तिच्याशी छान जमतं.

ग्रॅव्हिटी एमपी, १०० इंच, २९५ ग्रॅम, तारा १६ उभ्या आणि २० आडव्या. डोकं वरच्या बाजूला रुंद आहे, त्यामुळे टोकाकडे उशिरा लागलेला चेंडूही आत पडतो. तुमची तक्रार तीच आहे ना? तारा दाट असल्याने चेंडू उडत नाही आणि सपाट फटक्याची दिशा राहते. जोर मात्र स्वतः लावावा लागतो, फुकट काही मिळत नाही. स्लाइस बॅकहँड तर असा खाली राहतो की समोरचा वाकून वाकून दमतो. मी तिला दोन्ही बाजूंना शिसं लावलंय, तापीकाठ म्हणतात त्याच जागी, तेव्हापासून व्हॉलीलाही तक्रार नाही. मी तुमच्या जागी असतो तर हीच घेतली असती.

पण माझं ऐकून घेऊ नका, खेळून बघा. भुसावळहून जळगाव काही लांब नाही. रविवारी सकाळी या, दोन्ही रॅकेटी देतो. दोन्हींना मल्टिफिलामेंट ५० पाउंडांवर आहे, म्हणजे तुलना सरळ होईल. रॅलीत काही कळणार नाही. आमच्यातला एक पोरगा जोरात सर्व्हिस करतो, त्याला तुमच्या बॅकहँडवर मारायला लावतो. निदान पाऊण तास रिटर्नच घ्या, दमल्यावर रॅकेटचा खरा स्वभाव कळतो. ग्रिपचं माप (मुठीची जाडी) कोणतं तुमचं? माझ्या दोन्ही एल २ आहेत.

धागाकर्ता

माझी एल ३. तुमच्या रॅकेटवर एक जादा ओव्हरग्रिप गुंडाळली की काम भागेल. लहान ग्रिप आवळून धरावी लागते आणि ते पुन्हा कोपरावरच येतं, म्हणून ओव्हरग्रिप मीच घेऊन येतो.

रविवारी सहाला पोचतो. माझी आरएफही नव्या तारा ओढून आणतोय, स्लाइसप्रेमींचं म्हणणं कितपत खरं तेही त्याच पोराच्या सर्व्हिसवर बघून घेऊ. तापीकाठ, तुम्ही कुठले? जवळचे असाल तर या, शिशाची पट्टी कशी लावायची ते दाखवा.

तापीकाठ

चोपडा. येतो. पट्टी माझ्याकडे आहे, आणि अर्ध्या ग्रॅमपर्यंत मोजणारा सोनाराचा काटाही. नवे चेंडू कोणीतरी आणा, मेलेल्या चेंडूवर रॅकेट तपासण्यात अर्थ नाही.

अमळनेरी

चेंडू मी आणतो. नंतरचा नाश्ता काकांकडून, वीस हजार वाचले तर.