‘रिनोव्हेट’ आणि ‘रिन्यू’, दोन्हींना नूतनीकरणच?

शब्दवेध: फलकावर ‘वाड्याचे नूतनीकरण’, आरटीओत ‘परवान्याचे नूतनीकरण’. इंग्रजीत पहिलं रिनोव्हेट, दुसरं रिन्यू. घर कोणी रिन्यू करत नाही, लायसन्स कोणी रिनोव्हेट करत नाही. रिन्यूत वस्तू तीच राहते, मुदत नवी मिळते. रिनोव्हेटमध्ये वस्तूलाच हात लागतो. परवान्याला सरळ ‘मुदतवाढ’ म्हणा, नूतनीकरण वास्तूपुरतं ठेवा.

पारावरचा: अजिबात पटलं नाही. दोन्हींच्या पोटात ‘नवा’च आहे, लॅटिन ‘नोवुस’ आपल्या ‘नव’चाच भाऊबंद. वाडा की परवाना, ते आधीचा शब्द सांगतोच. आणि मुदतवाढ म्हणजे एक्स्टेन्शन. घरभाड्याचा ११ महिन्यांचा करार ‘रिन्यू केला’ म्हणतो तेव्हा कागद नवा होतो, मुद्रांक शुल्क पुन्हा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीही पुन्हा. नुसती मुदतवाढ समजून नोंदणी टाळली, तर वादात उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात.

चुन्याची घाणी: कराराला ठीक. वाड्याला मात्र या शब्दाने घात होतो. ठेकेदार ‘नवं करा’ असं वाचतो, चुन्याचा गिलावा खरवडतो आणि सिमेंट थापतो. जमिनीतून चढलेली ओल सिमेंटमधून नीट सुकत नाही, विटेतून वाट काढते. मग पांढरा क्षार फुटतो, विटेचे पापुद्रे सुटतात, भिंतीतले लाकडी खांब बुडाशी कुजतात. तिथे लागतो मुरवलेला चुना, १ भागाला ३ भाग चाळलेली वाळू, १०–१२ मिमीचा थर, वर ओलं गोणपाट. उन्हात घाईने सुकला की तडे गेलेच. हे काम रिस्टोअरचं.

शब्दवेध: मग ‘जीर्णोद्धार’ का नको?

चुन्याची घाणी: त्यात पुन्हा बांधणंही येतं. अहिल्याबाईंनी काशी विश्वेश्वराचं देऊळ १७८० मध्ये नव्याने उभारलं, त्यालाही आपण जीर्णोद्धारच म्हणतो. ‘जतन-दुरुस्ती’ लिहा.

शब्दवेध: ‘मुदतवाढ’ मागे घेतो. वाड्याच्या निविदेत तर शब्दावर न थांबता कामच लिहावं: ‘सुटलेला गिलावा तेवढाच काढणे व चुन्यातच भरणे.’

पारावरचा: निविदेत मान्य. फलकावर माझं नूतनीकरणच.