कबड्डी सुटली, नोकरी लागली आणि भाऊ गप्प झाला

सई_क: धाकटा भाऊ विद्यापीठाच्या कबड्डी संघात डावा कोपरा (डाव्या टोकाचा बचावपटू) खेळायचा. जूनपासून पुण्यात नोकरी. सराव बंद, वजन ५ किलोंनी वाढलंय, रात्री उशिरापर्यंत जागा, संध्याकाळी चिडचिड. मैदानाचा विषय काढला की उठून जातो. काय करावं?

मॅटवाला: ताई, सराव एकदम थांबला तिथेच गडबड झाली. दम दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो, भूक मात्र सरावाच्या दिवसांतलीच राहते. सहा पोळ्यांच्या चार करा. अंडी, डाळ, उसळ कमी करू नका.

चिडचिड नेमकी सरावाच्या वेळेला होते का ते बघा. साडेपाचला पायात अँकलेट (घोट्याचा आधारपट्टा) चढवायची इतक्या वर्षांची सवय, आणि आता त्याच वेळी तो खुर्चीत अडकलेला असतो. संध्याकाळ जमत नसेल तर सकाळी, आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटं: १० मिनिटं वॉर्मअप, २० मिनिटं उठाबशा, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), दंड, आणि उरलेली १५ मिनिटं ३० सेकंद धाव, ३० सेकंद चाल. चढाईही ३० सेकंदांचीच, अंगाला ती लय ओळखीची असते.

असे सहा आठवडे झाल्याशिवाय सामन्यात उतरू देऊ नका. बसून राहिलेल्या पायांनी पकडीसाठी झेप घेतली की मांडीचा मागचा स्नायू नाहीतर गुडघा जातो.

कोपरारक्षक: वरचं बरोबरच आहे, पण संघ सुटला की बरोबरीची पोरं, पंगत, ओरडणारे सर, सगळं एकाच महिन्यात जातं. पकड बसली की तिथल्या तिथे पाठीवर थाप पडायची. ऑफिसात कौतुक कळायला अप्रेझलची वाट बघावी लागते. साहेबांकडून दर पंधरवड्याला दहा मिनिटं मागून घे म्हणावं: काय जमलं, काय चुकलं.

मैदानाचा विषय तुम्ही काढू नका, जुन्या संघातल्या कुणाला तरी फोन करायला सांगा. पुढे पंच परीक्षा, शनिवार-रविवारी लहान गटाला पकडी शिकवणं, कंपनीचा संघ असेल तर व्यावसायिक गटाच्या स्पर्धा, असं बरंच काही करता येतं.

मनोमन: ‘खेळाडू ना तू, खंबीर राहा’ हे मात्र कृपा करून म्हणू नका. पट्टी बांधून खेळणारा मुलगा हे दुखणंही तसंच लपवेल. दोन आठवडे जवळपास रोज उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, किंवा दारू वाढलेली दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मरणाची भाषा निघाली तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.